अनुभवाची कीर्द

संगणक येण्यापूर्वीच्या काळात बँकेच्या प्रत्येक शाखेत सायंकाळी एक ठरलेले काम असे. दारे बंद झाली की रोखपाल दिवसभराची रोकड मोजत असे, आम्ही कीर्दीवरून खतावणी तपासत असू आणि दोन्ही आकडे जुळल्याशिवाय कोणीही घरी जात नसे. फरक हजारांचा असो वा पैशांचा, शोध तितकाच कसून घेतला जाई. नव्याने नोकरीस लागलेला एखादा तरुण कंटाळून म्हणे, "फरक दहा पैशांचा तर आहे, मी खिशातून घालतो." त्यावर जुने कारकून शांतपणे सांगत, "दहा पैशांच्या फरकामागे दहाच पैशांची चूक असेल असे नाही. एका बाजूला १०,००० रुपये चुकलेले असतील आणि दुसऱ्या बाजूला ९,९९९ रुपये ९० पैसे. उरलेला फरक तेवढा आपल्याला दिसतो."

निवृत्तीनंतर मागे वळून पाहताना वाटते की आयुष्यातील अनुभवांचेही असेच आहे. 'अनुभव हाच खरा गुरू' असे आपण सहज म्हणतो. ३६ वर्षे लोकांचे व्यवहार जवळून पाहिल्यावर हे वाक्य मला अपुरे वाटू लागले. एकच संकट दोन शेजाऱ्यांवर कोसळते; एक त्यातून शहाणा होतो, दुसरा केवळ कडवट होतो. अनुभव दोघांचा सारखाच असतो. त्याची नोंद कोणी कशी घेतली, यावर पुढचे सारे ठरते. व्यवहार घडला आणि कीर्दीत चढलाच नाही, तर तो ताळेबंदात येणार कोठून?

अशा काही नोंदी, ज्या मला वेगवेगळ्या माणसांनी शिकवल्या, त्या येथे मांडत आहे.

नोकरीच्या सुरुवातीच्या काळात माझी नेमणूक सांगलीच्या बाजारातील एका शाखेत झाली. हळद, गूळ, बेदाणा यांचे व्यापारी, अडते, दलाल आणि हमाल हे आमचे ग्राहक. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाची एम.कॉम. पदवी नुकतीच हाती आलेली असल्याने कर्जविषयक गुणोत्तरे मला तोंडपाठ होती. त्या शाखेत दर शनिवारी एक वयस्क हमाल आवर्ती ठेवीचा हप्ता भरण्यासाठी येत. सही येत नसल्याने अंगठा उठवत. एकदा गर्दी नव्हती म्हणून मी त्यांना विचारले, "मामा, एवढे शंभर किलोंचे पोते या वयात पेलते कसे?"

ते हसून म्हणाले, "सायेब, पोतं उचलायच्या आदी पाय कुटं हायत ते बघायचं. वजन पाठ पेलती असं लोकास्नी वाटतंय, पर पेलत्यात पाय. पाय घट नसलं तर पन्नास किलोचं पोतंबी मानूस पाडतंय."

पुढे कर्जाचे अर्ज माझ्या टेबलावर येऊ लागले, तेव्हा या वाक्याची किंमत कळली. तारण किती, जामीनदार कोण, घर स्वतःचे आहे का, हे सारे पाठीचे प्रश्न होते. पायांचा प्रश्न वेगळाच: या धंद्यात रोज, दरमहा प्रत्यक्ष रोकड किती फिरते आणि त्यातून हप्ता निघतो का? पाच लाखांचे तारण असूनही दोन लाखांच्या कर्जाखाली वाकलेली दुकाने मी पाहिली आणि तारण बेताचे असूनही कर्ज सहज फेडणारे छोटे किराणा दुकानदारही पाहिले. तारण विकून बँकेची वसुली होते. पण दुकान चालते ते रोजच्या गल्ल्यावर. विद्यापीठात हे शिकवले नव्हते असे नाही. पुस्तकात ते एका प्रकरणात होते, त्या हमालमामांनी ते एका वाक्यात सांगितले आणि तेच कायम लक्षात राहिले.

दुसरी नोंद पुराची आहे.

सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवे जुन्या व्यापाऱ्यांना ठाऊक असतील. तेथील विशिष्ट मातीत खोल खड्डे खणून त्यांत हळद साठवण्याची पद्धत होती. वर्षानुवर्षे ठेवली तरी हळदीला कीड लागत नसे. २००५ च्या महापुरात कृष्णेचे पाणी त्या पेवांत शिरले आणि पिढ्यान्पिढ्या चालत आलेल्या या व्यवस्थेला मोठा तडाखा बसला. नदीलगतच्या पेठांतील दुकाने आणि गोदामेही पाण्याखाली गेली.

आमच्या शाखेचे दोन कर्जदार शेजारी-शेजारी व्यापार करत. दोघांची कॅश क्रेडिट खाती, दोघांचा माल बँकेकडे तारण, दोघांचे नुकसान थोड्याफार फरकाने सारखेच. पाणी ओसरल्यावर चौथ्या दिवशी त्यांतील पहिले गृहस्थ चिखलाने भरलेल्या कपड्यांनिशी शाखेत आले. हातात मुलाची शाळेची वही होती. तीत त्यांनी तीन रकाने आखले होते: 'गेले', 'वाचले' आणि 'संशय'. मी तिसऱ्या रकान्याबद्दल विचारले. ते म्हणाले, "साहेब, वरून कोरडी दिसणारी पोती आहेत. उन्हात टाकून पाहिल्याशिवाय ती 'वाचले'मध्ये लिहिणे म्हणजे स्वतःलाच फसवणे. आणि 'गेले'मध्ये लिहायला मन धजत नाही. म्हणून वेगळा रकाना."

दुसरे गृहस्थ पंधरा दिवस आलेच नाहीत. आले तेव्हा पालिकेवर, धरणांच्या पाण्यावर, विमा कंपनीवर, नशिबावर त्यांचा राग होता. तो अगदीच निराधार होता असे मी म्हणणार नाही. मात्र त्यांच्या मालाचा हिशेब त्यांच्याजवळ नव्हता. शेवटचे स्टॉक स्टेटमेंट दोन महिन्यांपूर्वीचे होते आणि त्यानंतर काय आले, काय गेले, हे कोणासच सांगता येईना.

विम्याच्या बाबतीत दोघांनाही तोच धक्का बसला, आणि व्यापारी कुटुंबांसाठी तो मुद्दा येथे सविस्तर सांगितला पाहिजे. गोदामात ४० लाखांचा माल आहे आणि हप्ता वाचवण्यासाठी विमा २० लाखांचाच उतरवला आहे, असे समजू. पुरात १० लाखांचा माल गेला. विमा २० लाखांचा आहे, तेव्हा १० लाख पूर्ण मिळतील, अशी मालकाची समजूत असते. प्रत्यक्षात निम्म्याच मालाचा विमा असल्याने नुकसानाचीही निम्मीच भरपाई, म्हणजे ५ लाख, मिळते. उरलेल्या भागाचे विमेदार आपण स्वतःच ठरतो. शिवाय त्या काळच्या आगीच्या विम्यातून वादळ-पुराचे संरक्षण वगळून हप्त्यात सवलत घेता येत असे, आणि 'इतक्या वर्षांत पाणी आले नाही' म्हणून ती घेणारेही होते. पॉलिसीवर एका गोदामाचा पत्ता आणि माल दुसऱ्याच ठिकाणी, असेही प्रकार निघाले. पॉलिसीचा कागद तिजोरीत नीट घडी घालून ठेवलेला असतो. तो वाचलेला असतोच असे नाही.

नैसर्गिक आपत्तीनंतर कर्जाची पुनर्रचना करण्यासाठी रिझर्व्ह बँकेच्या मार्गदर्शक सूचना असतात. त्यांच्या आधारे पहिल्या गृहस्थांच्या थकबाकीचे मुदत कर्जात रूपांतर करण्याचा प्रस्ताव मी पाठवला. त्या वहीमुळे प्रस्ताव लिहिणे सोपे झाले. वरिष्ठांनी विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर त्या तीन रकान्यांत होते. 'संशय'मधील बराचसा माल पुढे 'गेले'मध्येच जमा झाला. त्यांनी घाऊक व्यापार आवरता घेतला, काही वर्षे केवळ अडतीवर भागवले आणि कर्ज फेडले. दुसऱ्या गृहस्थांचे खाते मात्र वसुली विभागाकडे गेले. ते वाईट नव्हते, आळशीही नव्हते. झालेल्या नुकसानाकडे सरळ पाहण्याचे धैर्य त्यांना त्या पंधरा दिवसांत गोळा करता आले नाही, एवढेच. त्या पंधरा दिवसांची किंमत पुढची कित्येक वर्षे त्यांनी मोजली, याचे मला आजही वाईट वाटते.

या कथेला एक पुरवणी आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा पुन्हा कोपली. १९२९ साली बांधलेल्या सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाण्याची धोक्याची पातळी ४५ फूट मानली जाते. त्या वर्षी पाणी ५७ फुटांवर गेले. पहिल्या गृहस्थांच्या मुलाने २००५ ची वही जपून ठेवली होती आणि पुराची जुनी खूण पाहून, तिच्याही दोन फूट वर मालाच्या फळ्या बांधल्या होत्या. पाणी त्या फळ्यांवरूनही गेले. कारण २०१९ चा पूर २००५ च्या पुराहून मोठा होता. गावात कित्येकांनी 'मागच्या वेळी येथवरच आले होते' या भरवशावर सामान हलवले नव्हते. या मुलाचा माल भिजला खरा, परंतु पॉलिसी पूर्ण किमतीची होती, पुराचे संरक्षण तीत होते आणि मालाची यादी अद्ययावत होती. त्याचे नुकसान भरून निघाले. वडिलांच्या वहीतील पाण्याची उंची त्या दिवशी कालबाह्य ठरली. हिशेब खरा ठेवण्याची सवय तेवढी उपयोगी पडली. अनुभवातून नेमके काय उचलायचे, हा प्रश्न तेव्हापासून मला अधिक गंभीर वाटू लागला.

तिसरी नोंद माझ्या स्वतःच्या कठीण काळाची आहे.

२००९ साली मी दुसऱ्या जिल्ह्यातील एका शाखेत होतो. मी तेथे रुजू होण्यापूर्वी मंजूर झालेल्या एका कर्जाची कागदपत्रे बनावट निघाली. त्या खात्याच्या कागदांवर ज्यांच्या ज्यांच्या सह्या होत्या, त्या सर्वांना आरोपपत्रे मिळाली, मलाही मिळाले. माझ्या अधिकारातील सर्व तपासण्या नियमानुसार झालेल्या होत्या आणि १४ महिन्यांनी चौकशीत तसा निष्कर्षही निघाला. पण ते १४ महिने फार लांब होते. बढती थांबली. रोज सोबत डबा खाणारे काही सहकारी वेगळ्या वेळी जेवू लागले. नातेवाइकांच्या समारंभात कुजबूज ऐकू येई, किंवा येते असे वाटे. रात्री झोप लागत नसे आणि मी मनातल्या मनात प्रत्येकाला उत्तरे देत बसे.

त्या दिवसांत एका लग्नात पुराच्या वेळचे ते वहीवाले गृहस्थ भेटले. मी न विचारताच मनातली सारी जळजळ त्यांच्यापुढे ओकलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "साहेब, पेव उघडल्या उघडल्या कोणी आत उतरते का? आतली हवा कोंडलेली असते. तोंड उघडे ठेवायचे, हवा खेळू द्यायची, मग उतरायचे. घाईने उतरलेला माणूस गुदमरतो. माल कोठे पळून जात नाही."

घरी आल्यावर सौ.ला हे सांगितले. तिने दुसऱ्याच दिवसापासून एक नियम केला: जेवणाच्या पाटावर चौकशीचा विषय काढायचा नाही, रविवारी सकाळी तासभर दोघांनी बसून त्याचे कागद पाहायचे. त्या तासात मी घडलेल्या गोष्टी तारीखवार लिहीत असे. हळूहळू लक्षात आले की जे घडले ते दोन पानांत मावते. उरलेली वीस पाने मला काय वाटले आणि कोण काय म्हणाले असेल याने भरलेली होती. चौकशी अधिकाऱ्यांसमोर मी ती दोन पाने ठेवली. उरलेल्या पानांचे काय करायचे ते सौ.ने ठरवले, पुढच्या हिवाळ्यात ती पाणी तापवण्याच्या बंबात गेली.

त्या काळाने मला दिलेली खरी गोष्ट पुढे हाती आली. काही वर्षांनी एका कनिष्ठ कारकुनाच्या प्रकरणात माझीच चौकशी अधिकारी म्हणून नेमणूक झाली. तो तरुण आत आला तेव्हा त्याचे हात थरथरत होते. मी त्याला प्रथम बसायला खुर्ची दिली. त्याच्याशी 'अहो-जाहो'नेच बोललो. त्याला हवे असलेले कागद वेळेत मिळतील अशी व्यवस्था केली आणि पुढच्या सर्व तारखा पहिल्याच दिवशी लिहून दिल्या. कारण निकालाइतकीच, किंबहुना निकालाहून अधिक, पुढची तारीख माहीत नसण्याची अनिश्चितता माणसाला पोखरते हे मी भोगलेले होते. नियमांच्या पुस्तकात खुर्चीचा उल्लेख नाही. निर्णय मी पुराव्यांवरच दिला आणि तो पूर्णपणे त्याच्या बाजूचा नव्हता. तरीही जाताना त्याने नमस्कार केला. माझ्या वाट्याला जे आले ते त्याच्या वाट्याला तसेच न जावे, एवढे माझ्या हातात होते.

चौथी नोंद अगदी अलीकडची आणि अगदी लहान आहे. सांगलीत विश्रामबागेतील आमच्या घराजवळ एक मुलगी भाजीचा गाडा लावते. एकदा मी मोबाईलवरून पैसे भरून पडदा तिच्यासमोर धरला. तिने पाहिलेही नाही. गाड्यावरच्या छोट्या ध्वनिपेटीने रक्कम उच्चारली, तेव्हा ती म्हणाली, "झालं काका." नंतर कळले की पूर्वी एकाने पैसे पाठवल्याचे खोटे चित्र दाखवून तिची मोठी खरेदी बुडवली होती. मी विचारले, "मग तू रोखच का घेत नाहीस?" ती म्हणाली, "एकानं फसवलं म्हणून बाकीच्यांना का परत पाठवू? मोबाईलवरचं चित्र खरं धरायचं नाही, एवढंच शिकले. पेटी बोलली की पैसे आले."

दुधाने तोंड पोळले की ताकही फुंकून प्यावे, असे आपण म्हणतो. विचार केला तर ताक फुंकणारा माणूस धडा शिकला खरा, पण त्याचे माप चुकले. एका गिऱ्हाइकाने उधारी बुडवली म्हणून उधारीच बंद करणारे, एका भागीदाराने दगा दिला म्हणून सख्ख्या भावावरही विश्वास न ठेवणारे व्यापारी मी पाहिले आहेत. त्यांना वाटते की आपण अनुभवाने शहाणे झालो. वस्तुतः एका फसवणाऱ्याने त्यांच्याकडून पैशांबरोबर चांगली माणसेही नेलेली असतात. भाजीवाल्या मुलीने धडा नेमक्या मापाचा घेतला. तिने माणसांवरचा विश्वास राखला आणि केवळ पुराव्याचे साधन बदलले.

आता थोडे आपल्या घरांविषयी. व्यापारी कुटुंबात नफा सर्वांचा असतो. तोटा मात्र बहुधा एकट्याचा असतो. नव्या पिढीतील मुलगा दुकानात बसतो, एखाद्या सौद्यात हात पोळतो आणि वडीलधाऱ्यांच्या भीतीने तो आकडा झाकतो. तो झाकण्यासाठी दुसरा, अधिक जोखमीचा सौदा करतो. बाहेरून हातउसने आणतो, धनादेश देतो. धनादेश परत आले की १९८९ पासून लागू असलेल्या फौजदारी तरतुदीनुसार प्रकरण न्यायालयात जाते. माझ्या पाहण्यात तोट्याने बुडालेल्या पेढ्या थोड्या. लपवलेल्या तोट्याने बुडालेल्या अधिक. बँकेत वसुलीच्या नोटिशीवर सही करताना मला अनेकदा वाटे, की हा आकडा पहिल्या महिन्यात घरात बोलता आला असता, तर हा कागद येथवर आला नसता.

म्हणून घरातील ज्येष्ठांना एक विनंती करावीशी वाटते. मुलगा तोट्याची बातमी घेऊन येईल, तेव्हा पहिला प्रश्न 'असे केलेसच का?' हा नसावा. पहिला प्रश्न असावा, 'गेले किती, वाचले किती आणि संशयात किती?' कारणांची चर्चा पुढे अवश्य करावी, पण पेवातील हवा खेळती झाल्यावर. ज्याला घरी खुर्ची मिळते, तो वही उघडतो. ज्याला आल्याबरोबर शब्दांचे फटके बसतात, तो वही लपवतो. मग त्याला अनुभव येत राहतात आणि शिक्षण होत नाही.

आपल्या परंपरेत प्रतिक्रमण आहे. दिवसाअखेर स्वतःच्या वागण्याकडे परतून पाहण्याची ही शिस्त आपल्याला वारसा म्हणून मिळाली आहे. तिचा धार्मिक अर्थ जाणकारांनी सांगावा. एक जुना बँकवाला म्हणून मला तीत रोजच्या रोज हिशेब जुळवण्याची सवय दिसते. फरक लहान असतानाच शोधला, तर तो सापडतो आणि मन मोकळे होऊन झोप लागते. महिनाभर साचू दिला, तर तोच फरक कोणत्या पानावर आहे हेही कळेनासे होते.

आज घरी मुलगा किंवा सून, नातू किंवा दुकानातील नोकर काही नुकसान सांगायला आला, तर हातातले काम क्षणभर बाजूला ठेवावे आणि त्याला बसायला सांगावे. पुढचे बोलणे त्याने करायचे आहे.